गाडीच्या मॅट घरच्या घरी कशा धुवाव्यात आणि कशा वाळवाव्यात

ठाण्यात किंवा नवी मुंबईत गाडीच्या मॅट धुणे फारसे अवघड नाही, त्या वाळवणे अवघड आहे. वर्षभरात येथे साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. जुलैत हवेतील आर्द्रता बहुतेक वेळ 80 टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे बादलीत बुचकळलेली कार्पेटची मॅट दुसऱ्या दिवशीही पाठीच्या बाजूने ओलीच लागते. अशी मॅट गाडीत अंथरून काचा बंद केल्या की आठवडाभरात जो कुबट वास सुटतो, तो कितीही सुगंधी डबी लावली तरी जात नाही. म्हणून पुढील सगळी कृती एकाच हिशेबाने सांगितली आहे : जी घाण कोरडी निघते ती कोरडीच काढावी आणि पाणी लागेल तेवढेच वापरावे.

मॅट कशाची आहे?

रबर किंवा पीव्हीसीची मॅट पाणी शोषत नाही, तिला कसेही धुतले तरी चालते. कार्पेटच्या मॅटचा वरचा थर नायलॉनच्या किंवा पॉलिप्रोपिलीनच्या धाग्यांचा असतो आणि खाली रबराचा अस्तर असतो. धाग्यांत शिरलेले पाणी त्या अस्तरापाशी अडकते. बाजारात ‘नूडल मॅट’ म्हणून मिळणारी, प्लॅस्टिकच्या वेटोळ्यांची मॅट माती पोटात साठवते, त्यामुळे वरून स्वच्छ दिसली तरी उचलल्यावर जड लागते.

सर्वांत जपून वागावे लागते ते कृत्रिम चामड्याच्या, कडेला उभ्या भिंती असलेल्या मॅटशी, जी दुकानदार ‘सेव्हन-डी’ म्हणून विकतात. चामड्याखाली फोम असतो आणि शिवणीतून आत गेलेले पाणी त्या फोममध्येच मुरते. ही मॅट नळाखाली धरू नये, बादलीत बुडवू नये. ती फक्त पुसायची असते.

गाडीतून काढताना

पुढच्या सीट पूर्ण मागे सरकवाव्यात. चालकाच्या बाजूची मॅट बहुतेक गाड्यांत एक-दोन हुकांत किंवा फिरवायच्या खुंट्यांत अडकवलेली असते. ती ओढून काढल्यास भोकाभोवतालची कड फाटते आणि पुढे मॅट जागेवर राहत नाही. आधी हुक सोडवावेत, मग मॅटच्या चारही कडा आत दुमडून ती ताटासारखी उचलावी, म्हणजे वरची माती गाडीतच सांडत नाही.

मॅट काढल्यावर खालच्या मूळ कार्पेटवर जुने सुती फडके ठेवून तळहाताने जोरात दाबावे. फडके ओले झाले तर दोष मॅटचा नाही, पाणी दुसरीकडून येत आहे. चालकाशेजारच्या सीटच्या पायाशी ओल असेल तर बहुधा एसीचे पाणी बाहेर सोडणारी नळी कचऱ्याने तुंबलेली असते. पावसानंतरच ओल दिसत असेल तर दाराचे रबर किंवा सनरूफची नळी तपासून घ्यावी. हे दुरुस्त करून घेईपर्यंत मॅट धुण्यात अर्थ नाही.

कोरडी सफाई : खरे काम येथेच होते

ओला चिखल पुसण्याचा मोह टाळावा. घोडबंदर रस्त्यावरच्या बांधकामांतून बुटाला लागून येणारा करडा, सिमेंटमिश्रित गाळ असो किंवा येऊरच्या, खारघरच्या टेकडीवरची तांबडी माती असो, ओली असताना घासली की ती धाग्यांच्या मुळापर्यंत जाते. मॅट सावलीत पसरून चिखल पूर्ण वाळू द्यावा. वाळलेला चिखल तडकतो, त्याची खपली नखाने किंवा जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डाने अलगद उचलता येते आणि खाली उरते ती केवळ धूळ.

त्यानंतर मॅट उलटी करून पाठीवर बडवावी. कपडे धुण्याचे धोपाटणे घरात असेल तर उत्तम, नसेल तर लाटणे चालते (लाटण्याच्या मालकिणीची परवानगी घेतलेली बरी). वरच्या बाजूने बडवल्यास माती आणखी खोल जाते, पाठीवर बडवल्यास खाली गळते. खाली वर्तमानपत्र पसरले असेल तर गळलेल्या वाळूचा ढीग पाहूनच कळते की ही सगळी वाळू पाण्यात कालवली असती तर काय झाले असते. नूडल मॅटला तर उलटे बडवण्यावाचून पर्याय नाही.

हे काम कोठे करावे, हाही प्रश्न असतो. जिन्याच्या कठड्यावर किंवा गॅलरीबाहेर मॅट झटकल्यास खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर धूळ जाते आणि रविवारची सकाळ सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जाते. आपल्या पार्किंगच्या जागेत, आजूबाजूच्या गाड्या बाहेर गेलेल्या असताना बडवावे आणि नंतर तेथे झाडू मारावा.

बडवून झाल्यावर कार्पेटच्या मॅटवरून व्हॅक्युम क्लीनर फिरवावा. तो नसल्यास कडक केसांच्या कपड्याच्या ब्रशने आधी एका दिशेने, मग उलट दिशेने झाडावे. चप्पल टेकते तेथे, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरखालच्या टाचेच्या जागी, धागे चिकटून बसलेले असतात. ते ब्रशने उभे केल्याशिवाय तेथील माती निघत नाही. मॅटला केवळ वास येत असेल आणि डाग नसतील तर कोरड्या मॅटवर दोन चमचे खाण्याचा सोडा भुरभुरवून रात्रभर ठेवावा आणि सकाळी झाडून काढावा. पावसाळ्यात पुष्कळदा एवढ्यावरच काम भागते आणि पाण्याला हात लावावा लागत नाही.

डाग आधी, धुणे नंतर

संपूर्ण मॅट धुण्यापूर्वी डागांकडे स्वतंत्रपणे पाहावे, कारण प्रत्येक डागाचा स्वभाव वेगळा असतो. दूध किंवा ताक सांडले असेल तर थंड पाणीच वापरावे. गरम पाण्याने त्यातील प्रथिने धाग्यांत घट्ट बसतात. वडापावचे तेल, भज्यांचा तुपकट डाग यांवर भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे दोन थेंब बोटाने चोळून दहा मिनिटे थांबावे आणि ओल्या फडक्याने टिपून घ्यावे. चुइंगमवर प्लॅस्टिकच्या पिशवीतून बर्फ धरावा. ते कडक झाले की तुकडे पडतात. बुटाला लागून आलेले डांबर कार्पेटवर असेल तर थोड्या खोबरेल तेलाने मऊ करून टिपावे आणि मग ते तेल साबणाने काढावे. रबराच्या मॅटवर पेट्रोल किंवा रॉकेल वापरू नये, त्याने रबर फुगते आणि चिकट होते.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली की मॅटवर हळद, कुंकू आणि झेंडूच्या पाकळ्या पडतात. हळदीच्या डागाला साबण लागताच तो लाल होतो, तेव्हा घाबरून आणखी साबण ओतू नये. साबणातील अल्कलीने हळदीचा रंग पालटतो, एवढेच. डाग साध्या पाण्याने टिपावा आणि मॅट उन्हात ठेवावी. हळदीचा रंग उन्हात उडतो आणि ऑक्टोबरचे ऊन त्या कामाला पुरेसे असते. कुंकू मात्र ओले करण्यापूर्वी कोरडेच झटकून घ्यावे.

तांबड्या मातीचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो. त्यावर कपड्यांचे ब्लीच टाकल्याने तो जात नाही, मॅटचा मूळ रंग मात्र जातो. चिमूटभर लिंबूसत्व कपभर पाण्यात विरघळवून, मॅटच्या कोपऱ्यात रंग उतरत नाही ना हे पाहून, मग डागावर लावावे आणि पाच-दहा मिनिटांनी पुसून घ्यावे.

येथे एक सावधगिरी नीट लक्षात ठेवावी. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबूसत्व किंवा संडास साफ करण्याचे आम्ल कधीही मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि न्हाणीघर तर बंदिस्तच असते. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतण्याचा जो उपाय सर्रास सांगितला जातो, तो धोकादायक नसला तरी निरुपयोगी आहे. फेस छान येतो, पण दोघे एकमेकांना निष्प्रभ करतात.

धुण्याची कृती

रबराच्या मॅटला अर्धी बादली पाणी आणि चमचाभर द्रव साबण पुरतो. फरशी घासण्याच्या ब्रशने खाचांच्या दिशेने घासावे, कडेच्या पन्हळीत अडकलेली माती जुन्या टूथब्रशने काढावी आणि दोन मग पाण्याने धुऊन उभी करून निथळू द्यावी. नूडल मॅट न्हाणीघराच्या भिंतीला उलटी टेकवून पाठीकडून पाणी सोडावे, म्हणजे माती आली त्या वाटेनेच बाहेर पडते.

कार्पेटच्या मॅटसाठी बादली भरू नये. लिटरभर कोमट पाण्यात छोटा चमचाभर द्रव साबण मिसळून तो चांगला घुसळावा आणि वरचा फेसच ब्रशने उचलून मॅटवर लावावा. टीचभर जागा घासावी, लगेच ओल्या पण घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावी, मग पुढच्या जागेकडे वळावे. फडके स्वच्छ पाण्याच्या दुसऱ्या बादलीत वारंवार पिळावे आणि ते पाणी गढूळ झाले की बदलावे. कपडे धुण्याची पावडर शक्यतो टाळावी, कारण तिचा अंश धाग्यांत राहतो आणि त्या चिकटपणावर नवी धूळ अधिक लवकर बसते. धुतलेली मॅट पंधरा दिवसांत पूर्वीपेक्षा मळकट दिसू लागली, अशी तक्रार पुष्कळजण करतात, तिचे कारण बहुधा हेच असते.

सेव्हन-डी मॅटचा चामड्याचा भाग साबणाच्या पाण्यात पिळलेल्या मायक्रोफायबरने पुसावा, शिवणीवरून ब्रश कोरडाच फिरवावा आणि लगोलग सुक्या कापडाने टिपावे. तिच्यावर वेगळा नूडलचा थर असेल तर तो सुटा करून धुता येतो.

वॉशिंग मशीनमध्ये मॅट घालू नयेत. अस्तराचे रबर तडकते, उरलेली वाळू ड्रमच्या छिद्रांत आणि पंपाच्या गाळणीत जाते आणि ओल्या मॅटच्या वजनाने फिरताना मशीन हेलकावे खाते.

गढूळ पाणी तसेच मोरीत ओतू नये. बादली तासभर स्थिर ठेवावी, वरचे पाणी हळूच ओतावे आणि तळाचा गाळ वर्तमानपत्रावर उपसून कचऱ्यात टाकावा. फ्लॅटच्या न्हाणी ट्रॅपमध्ये वाळू साचली की प्लंबर येतो तो आपल्याकडेच नव्हे, खालच्या घरातही.

वाळवणे

धुतल्यावर कार्पेटची मॅट दोन जुन्या टॉवेलांमध्ये ठेवावी आणि त्यावर अनवाणी पायांनी उभे राहून टाचेने सगळीकडे दाब द्यावा. टॉवेलात उतरलेले पाणी पाहिल्यावर ही पायरी गाळण्याचा विचार मनात येत नाही. मॅट पिळू मात्र नये, अस्तर सुटते.

एप्रिल-मे महिन्यांत आणि ऑक्टोबरच्या उन्हात तीन-चार तास पुरतात. कार्पेटची मॅट पाठीची बाजू वर करून वाळत घालावी, कारण ओल तेथेच असते. रबराच्या आणि पीव्हीसीच्या मॅट मात्र कडक उन्हात दांडीवर घडी घालून टाकू नयेत. त्यांच्या कडा वळतात आणि मग गाडीत त्या सपाट बसत नाहीत. त्या सावलीत सपाट पसराव्यात. पावसाळ्यात छताला लावलेली दोरीने वर-खाली करायची दांडी कामी येते : मॅट तिच्यावर आडव्या टाकून खाली पंखा लावावा, दर काही तासांनी बाजू बदलावी आणि पूर्ण एक दिवस तरी घाई करू नये. पाणी गॅलरीतून खाली ठिबकणार नाही याची काळजी आधी घ्यावी.

वाळली की नाही हे हाताने कळत नाही, कारण दमट हवेत सगळेच किंचित थंड लागते. मॅटच्या पाठीवर जुने वर्तमानपत्र ठेवून त्यावर जड वही अर्धा तास ठेवावी. कागद मऊ पडला, सुरकुतला तर अजून ओल आहे. हिरवट-काळे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे; एक भाग पांढरे व्हिनेगर आणि तीन भाग पाणी फवारून, तासाभराने पुसून, पुन्हा वाळवावे. अस्तराखालपर्यंत बुरशी गेली असेल तर नवी मॅट घेणेच स्वस्त पडते.

पुन्हा बसवताना

रबराला चकाकी आणणारे टायर पॉलिश किंवा सिलिकॉनचे फवारे मॅटवर मारू नयेत, ओल्या चपलेने पेडलवरून पाय घसरतो. धुतलेल्या मॅटवर ‘संरक्षणासाठी’ दुसरी मॅट अंथरण्याची पद्धतही सोडून द्यावी. 2009 साली टोयोटाने अमेरिकेत सुमारे 38 लाख गाड्यांबाबत चालकांना मॅट काढून ठेवायला सांगितले होते, कारण सरकलेली मॅट अ‍ॅक्सिलरेटरला अडकून पेडल दाबलेलेच राहण्याचा धोका होता.

चालकाची मॅट हुकांत अडकवून टाचेने पुढे ढकलून पाहावी. ती सरकता कामा नये. हुक तुटले असतील तर गाडीच्या मॉडेलप्रमाणे ते सुटे मिळतात, दुहेरी टेपवर विसंबू नये. मग इंजिन बंद ठेवून अ‍ॅक्सिलरेटर, ब्रेक आणि असल्यास क्लच एकेक करून तळापर्यंत दाबावे, पेडल मॅटच्या कडेला न घासता वर येते का ते पाहावे, आणि त्यानंतरच सीट पुढे घ्यावी.