मेलवर येणाऱ्या रिपोर्टचा फिल्टर चुकला, तर तो कुठे शोधायचा?

रोज सकाळी नाशिक शाखेच्या व्यवस्थापकांना विक्रीचा रिपोर्ट मेलवर जातो. त्यात फक्त नाशिकचे आकडे हवेत. एके दिवशी त्यांचा फोन येतो, "आज सगळ्या महाराष्ट्राची विक्री आली आहे." तुम्ही रिपोर्ट उघडून बघता, तर नाशिकचा फिल्टर जागच्या जागी. मग वाटतं, मेल पाठवणारी यंत्रणाच बिघडली.

यंत्रणा बहुधा ठीक असते. मेल तयार होताना सर्व्हर तो रिपोर्ट नव्याने उघडतो. कुणातरी एकाच्या नावाने, ठरलेल्या वेळी, साठवलेल्या फिल्टरसह उघडतो आणि त्या क्षणी जे दिसेल त्याचं चित्र किंवा पीडीएफ पाठवतो. तुमच्या स्क्रीनवर काय आहे, याच्याशी त्याचा संबंध नसतो. म्हणून प्रश्न तीनच: कुठला फिल्टर साठवला आहे, किती वाजता आणि कोणाच्या नावाने? खालचे टप्पे मुख्यतः पॉवर बीआय, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट बनवण्याचं सॉफ्टवेअर, धरून लिहिले आहेत.

पहिला टप्पा: काही बदलण्याआधी एक आकडा पकडा

घाईने सबस्क्रिप्शन (ठरलेल्या वेळी रिपोर्ट मेलवर पाठवण्याची नोंद) डिलीट करून नवं केलं की माग काढायला काहीच उरत नाही. आलेला मेल जपून ठेवा. मग एक छोटा, मोजता येणारा आकडा निवडा, उदाहरणार्थ नाशिक शाखेची परवाची एकूण बिलं. हा आकडा तीन ठिकाणी बघा: मेलमध्ये, मूळ बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये आणि 'रीसेट टू डिफॉल्ट' केल्यानंतरच्या रिपोर्टमध्ये. रीसेट करण्याआधी तुमचे सध्याचे फिल्टर लिहून ठेवा, कारण ते पुसले जातात.

रीसेट का करायचं? पॉवर बीआय तुम्ही शेवटी लावलेला स्लायसर (रिपोर्टच्या पानावरच दिसणारा फिल्टर) तुमच्यापुरता लक्षात ठेवतं. तुम्हाला रोज नाशिक दिसतं म्हणून तो रिपोर्टमध्येच बसवलेला आहे असं वाटतं. रीसेट केल्यावर सगळा महाराष्ट्र दिसला, तर फिल्टर फक्त तुमच्या खात्यात होता हे कळलं.

दुसरा टप्पा: साठवलेला फिल्टर

सबस्क्रिप्शन करण्यापूर्वी रिपोर्टवर हवे ते फिल्टर लावा आणि सबस्क्रिप्शनच्या खिडकीत 'इन्क्लूड माय चेंजेस' ही खूण केली आहे का ते बघा. ती नसेल, तर रिपोर्ट बनवणाऱ्याने ठेवलेली मूळ अवस्थाच मेलमध्ये जाते. पुढे रिपोर्टवर फिल्टर बदललात, तरी जुन्या सबस्क्रिप्शनमध्ये तो आपोआप बदलत नाही. तिथे जाऊन नव्याने साठवावा लागतो.

टॅब्लो हे दुसरं रिपोर्ट सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी फिल्टर लावलेला कस्टम व्ह्यू आधी सेव्ह करावा आणि त्याच व्ह्यूला सबस्क्राइब करावं.

तिसरा टप्पा: मेल रिकामा आला तर

फिल्टर गावाला ओळखत नाही, गावाच्या नावाची अक्षरं ओळखतो. 2023 मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, 2024 मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. कुणीतरी शाखांच्या मास्टर यादीत नवं नाव टाकतं, सबस्क्रिप्शनमध्ये जुनंच साठवलेलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी कोरा तक्ता येतो. जुनी बिलं एका नावावर आणि नवी दुसऱ्या नावावर पडली असतील, तर अर्धेच आकडे येतात. हे जास्त घातक, कारण कोरा तक्ता लगेच डोळ्यांत भरतो, अर्धा भरत नाही.

उपाय एकच: फिल्टर शाखेच्या कोडवर लावा, नाव फक्त दाखवण्यापुरतं ठेवा. 'नाशिक' आणि 'नासिक' यांचा घोळही त्यातच मिटतो.

चौथा टप्पा: तारीख एक दिवस मागे

पॉवर बीआयचे 'आज', 'मागचा 1 दिवस' असे सापेक्ष तारखेचे फिल्टर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार चालतात. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचपर्यंत सर्व्हरच्या लेखी 'आज' म्हणजे कालचाच दिवस असतो. पहाटे पाचच्या मेलमध्ये 'काल' मागितलात, तर परवाचे आकडे मिळतात. तोच रिपोर्ट दहा वाजता ऑफिसात उघडला की बरोबर दिसतो, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने सापडत नाही.

मेलची वेळ साडेपाचच्या पुढे नेणं हा सोपा मार्ग. पक्का मार्ग म्हणजे पॉवर क्वेरीत (पॉवर बीआयमध्ये डेटा आत घेताना तो घडवण्याची जागा) यूटीसी वेळेत साडेपाच तास मिळवून 'काल आहे का' असा वेगळा रकाना करायचा आणि फिल्टर त्याच्यावर लावायचा. हा रकाना डेटा रिफ्रेश होतानाच भरतो, त्यामुळे रिफ्रेश मध्यरात्रीनंतरचा असावा. मेल सातला आणि रिफ्रेश आठला, अशीही गाठ पडलेली असते. तिथे फिल्टरचा दोष नसतो. सबस्क्रिप्शन 'डेटा रिफ्रेशनंतर' या पर्यायावर ठेवा.

'हे वर्ष' हा फिल्टर जानेवारी ते डिसेंबर धरतो. आपलं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं. तारखांच्या तक्त्यात आर्थिक वर्षाचा रकाना घाला आणि तोच वापरा.

पाचवा टप्पा: मेल कोणाच्या नावाने तयार होतो?

इथे मात्र थांबून, नीट वाचून पुढे जा. कुठली ओळ कोणाला दिसावी हे ठरवणारी सोय म्हणजे रो-लेव्हल सिक्युरिटी. नाशिकच्या माणसाने रिपोर्ट उघडला की त्याला नाशिकच दिसतं. पण नेहमीच्या सबस्क्रिप्शनचा मेल, ते ज्याने तयार केलं त्याच्या हक्काने बनतो. तो माणूस वर्कस्पेसमध्ये (रिपोर्ट ठेवलेली सामायिक जागा) ॲडमिन, मेंबर किंवा कॉन्ट्रिब्युटर असेल, तर त्याच्यावर ही बंधनं लागूच होत नाहीत. त्याला सगळं दिसतं, आणि तेच चित्र यादीतल्या प्रत्येकाला जातं. मेलमधल्या लिंकवर क्लिक केलं की वाचणाऱ्याचे स्वतःचे हक्क लागतात आणि आकडे वेगळे दिसतात. मेलमध्ये एक आणि लिंकवर दुसरं, ही तक्रार आली की आधी इथेच बघा.

एका ठिकाणी या वाटेने सगळ्या शाखांचे नफ्याचे आकडे एका शाखेत पोहोचलेले मी पाहिले आहेत. मेल परत घेता येत नाही. म्हणून मी आग्रहाने सांगतो, गोपनीय आकड्यांचं राखण फिल्टरवर सोपवू नका. प्रत्येक शाखेसाठी वेगळं सबस्क्रिप्शन करा, तेही त्या शाखेपुरतेच हक्क असलेल्या खात्यातून. डायनॅमिक सबस्क्रिप्शनमध्ये ईमेल आणि शाखा यांच्या तक्त्यावरून प्रत्येकाला वेगळा फिल्टर लावता येतो. तुमच्या लायसन्समध्ये ती सोय आहे का, हे आयटी विभागाला विचारा, आणि तो तक्ता दोघांनी तपासल्याशिवाय सुरू करू नका.

एसएसआरएस असेल तर

एसएसआरएस हे मायक्रोसॉफ्टचंच दुसरं रिपोर्ट सॉफ्टवेअर. तिथे फिल्टरच्या जागी बहुधा पॅरामीटर असतो, म्हणजे रिपोर्ट चालवताना भरायची तारीख किंवा शाखा. सबस्क्रिप्शन करताना हाताने 1 एप्रिल ही तारीख टाकलीत, तर ती कायमची 1 एप्रिलच राहते. रिपोर्टमध्ये कालची तारीख काढणारं सूत्र डीफॉल्ट म्हणून ठेवा आणि सबस्क्रिप्शनमध्ये डीफॉल्ट वापरण्याची खूण करा. नंतर कोणी पॅरामीटरची रचना बदलली, तर सबस्क्रिप्शन निष्क्रिय होऊ शकतं, म्हणून त्याची स्थिती बघा. रिपोर्ट उघडणाऱ्याच्या लॉगिन नावावर फिल्टर लावला असेल, तर तो सबस्क्रिप्शनमध्ये चालत नाही.

शेवटचा टप्पा: पाठवून बघा, पण स्वतःलाच

'रन नाऊ' दाबलं की मेल त्या सबस्क्रिप्शनमधल्या सगळ्यांना जातो. त्यामुळे चाचणीसाठी फक्त तुमचा पत्ता असलेलं वेगळं सबस्क्रिप्शन करा आणि सुरुवातीला पकडलेला आकडा जुळतो का ते बघा. तारखेचा प्रश्न असेल, तर मेल नेहमी जातो त्याच वेळी चाचणी घ्या, दुपारी घेतलेली चाचणी काहीच सांगत नाही.

जुळलं की रिपोर्टच्या माथ्यावर एक ओळ घाला: शाखा कोणती, तारीख कुठून कुठवर, डेटा केव्हा रिफ्रेश झाला. ही ओळ हाताने टाइप करू नका, लागू असलेल्या फिल्टरवरून ती मेझरने (रिपोर्टमधल्या सूत्राने) काढा. मग नाशिकच्या व्यवस्थापकांना मेल उघडताक्षणी समजेल की समोरचे आकडे कुठले आहेत.