आर्मरच्या आतला फोम सूट: या चुका टाळा

कॉस्प्लेचा, म्हणजे सिनेमा-कॉमिक्समधल्या पात्रांचा वेश करून जाण्याचा, कार्यक्रम जवळ आला की फोन सुरू होतात. "ताई, आर्मर मस्त झालंय, फक्त आतला सूट राहिलाय. रविवारपर्यंत होईल ना?" नाही होणार. आर्मरच्या, म्हणजे चिलखताच्या, खांद्याच्या आणि छातीच्या प्लेटवर तीन महिने घालवायचे आणि आतल्या, फोमच्या पट्ट्या लावलेल्या तंग सूटला तीन दिवस द्यायचे, इथूनच बिघडायला सुरुवात होते. कोपर, काख, कंबर, गुडघा, मान या जागी आर्मर संपतं आणि सूट दिसतो. माणूस वाकतो, वळतो तोही याच जागी.

टेबलावर पसरून फोम चिकटवणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सविस्तर सांगते. फिरोदिया करंडक या पुण्यातल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी आमच्या नाटकात एक अंतराळ सैनिक होता. मी काळा लायक्रा (ताणलं जाणारं कापड) सूट टेबलावर सपाट पसरला, मांडीवर आणि पाठीवर ६ मिमीच्या इव्हा फोमच्या (चपलांच्या तळव्याला असतो तसल्या फोमच्या) लांब पट्ट्या पट्टीने आखून लावल्या. दिसायला सुरेख. तालमीत तो मुलगा एका गुडघ्यावर बसला आणि मांडीवरच्या दोन पट्ट्या टाचणीने उचकटल्यासारख्या सुटल्या. पाठीवरची मोठी पट्टी दोन्ही टोकांनी वर आली. रंगीत तालमीच्या आदल्या रात्री अडीच वाजेपर्यंत आम्ही तिघं सगळं सोलून पुन्हा लावत बसलो होतो, आणि सोलताना लायक्राला दोन जागी भोकं पडली ती वेगळीच.

कारण साधं आहे. सूट अंगावर चढला की लायक्रा ताणला जातो, फोम तितका ताणला जात नाही. टेबलावर दोघांचं माप जुळतं, अंगावर जुळत नाही.

तेव्हापासून मी आधी पुतळा बनवते. ज्याला सूट घालायचा त्याला जुना टी-शर्ट आणि जुनी लेगिंग घालायला लावायची, वरून रुंद चिकटपट्टी गुंडाळायची, पाठीमागून जपून कापून काढायचं, परत जोडून आत जुने कपडे आणि रद्दी ठासून भरायची. दोन तास जातात. मग सूट त्या माणसाला घालून, त्याला उकिडवं बसवून, हात कोपरात दुमडायला लावून खडूने रेषा मारायच्या. फोम मात्र पुतळ्यावर चढवलेल्या सूटलाच लावायचा. घातलेल्या सूटवर गोंद कधीही लावू नका, तो लायक्रातून झिरपून थेट कातडीला लागतो.

पट्ट्या लहान ठेवा, दोन पट्ट्यांत करंगळीच्या निम्म्याइतकी फट सोडा. कोपराच्या आत, गुडघ्याच्या मागे आणि काखेत फोम नकोच. तिथे कापडावर दुहेरी शिवणीच्या आडव्या रेषा मारल्या की लांबून तशाच दिसतात. पुतळ्यावरून काढल्यावर सूट आक्रसतो आणि पट्ट्या थोड्या बाक काढतात. घाबरून दाबत बसू नका, अंगात घातला की सरळ होतो.

गोंद वाळायच्या आत दाबणं

घाईची माणसं इथे हमखास सापडतात. फेविकॉल एसआर ९९८ सारखा रबरी गोंद ओला असताना चिकटवायचा नसतो. फोमला आणि कापडाला, दोन्हीकडे पातळ थर द्यायचा आणि थांबायचं. साधारण १०-१५ मिनिटांनी बोट लावून बघा: चिकट लागला पाहिजे, पण बोटाला तार येता कामा नये. मगच एका कडेपासून दाबत जायचं, कारण एकदा टेकला की सरकवता येत नाही. ओला असताना दाबला तर आतलं सॉल्व्हंट, म्हणजे गोंद पातळ ठेवणारं उडून जाणारं द्रव, अडकून राहतं आणि आठवड्याने पट्टी सुटते.

पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये आणखी एक भानगड होते. सॉल्व्हंट उडताना गोंदाचा थर गार पडतो आणि दमट हवेतली वाफ त्यावर बसते. थर धुरकट पांढरा दिसला तर तो धरणार नाही. मी पावसाळ्यात दुपारी, पाऊस थांबला असताना, पंखा लावूनच हे काम करते. पाऊस आत येतो म्हणून खिडकी बंद करू नका, त्या वासाने डोकं गरगरतं. आणि गोंद उघडा असताना जवळ गॅस, उदबत्ती काही पेटतं नको.

गादीचा स्पंज वापरणं

स्वस्त पडतो, पण घाम पितो आणि दाबला की बसतो. चपलांचं सामान विकणाऱ्याकडे "इव्हा शीट" मागा, त्याला लगेच कळेल. सूटसाठी २ आणि ४ मिमी पुरतं.

बोथट ब्लेड. फोमची कड फाटल्यासारखी दिसली की ब्लेड मोडून पुढचं टोक काढा. पुण्याच्या बोहरी आळीत अख्खं पाकीट घेऊन ठेवा.

लायक्रावर हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र). फोमला आकार द्यायचा तर चिकटवण्याआधीच तापवून घ्या. लायक्रा क्षणात आक्रसतो आणि परत येत नाही.

साधा स्प्रे पेंट. वाकणाऱ्या जागी तडकतो. काळाच फोम आणा, रंगाचा प्रश्नच येत नाही.

सरळ शिवण. ताणली की टचकन तुटते. झिगझॅग टाका आणि मशीनला बॉलपॉइंट (गोल टोकाची) सुई लावा.

चेन फक्त पाठीला लावणं. सूटमध्ये सहा-सात तास काढायचे असतात आणि बाथरूमला जावंच लागतं. दरवेळी पाठीमागची चेन उघडायला कोणाला शोधणार? मी कंबरेला आडवी दुसरी चेन लावते, ती कंबरेच्या बेल्टखाली झाकली जाते. मुलं नको म्हणतात, मी तरी लावते. इव्हामधून हवा जात नाही, त्यामुळे तहान लागणार; आणि बाथरूम टाळायला पाणीच न पिणारी मुलं मी पाहिली आहेत, दुपारी तीनला भिंतीला टेकून बसलेली, चेहरा पांढराफटक. आत पातळ बनियन घाला, पाण्याची बाटली सोबतच्या मित्राकडे द्या आणि तासाभराने हेल्मेट काढून सावलीत बसा.