पाच वॅटच्या सेटला कोणती यागी?

हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओ संपर्काचा, नवा परवाना मिळालेली मंडळी हमखास विचारतात, "पाच वॅटच्या हँडीला किती एलिमेंटची यागी लावू?" हँडी म्हणजे हातात धरायचा छोटा रेडिओ सेट, आणि यागी म्हणजे एका दांड्यावर धातूच्या समांतर कांड्या (एलिमेंट) बसवलेली, एकाच दिशेला झोत टाकणारी अँटेना. मी आधी विचारतो, बोलायचंय कुणाशी आणि तो कुठल्या दिशेला आहे? कोथरूडच्या गच्चीवरून सिंहगड उघडा दिसत असेल, तर गडावरच्या माणसाशी बोलायला हँडीची रबरी अँटेनाच पुरते. मध्ये टेकडी-इमारती आल्या किंवा अंतर वाढलं की यागीचा विचार करा.

१४५ मेगाहर्ट्झसाठी माझं मत ठाम आहे: तीन एलिमेंट. डायपोलच्या (मधोमध केबल जोडलेल्या साध्या दोन तुकड्यांच्या अँटेनाच्या) मानाने साधारण ५ डीबी (डेसिबल) गेन मिळतो, म्हणजे त्या दिशेला तुमचे ५ वॅट १५ वॅटसारखे पोचतात. ऐकतानाही तेवढाच फायदा होतो, आणि तो ॲम्प्लिफायर कधीच देत नाही. बूम (एलिमेंट बसवलेला दांडा) मीटरभराचा, त्यामुळे एका हातात मावतो. बूम दुप्पट लांब केला तरी जेमतेम दोन-अडीच डीबी वाढतात आणि झोत अरुंद होत जातो. अंतराळ स्थानक १४५.८०० मेगाहर्ट्झवर ऐकायचं असेल तर ते दहाएक मिनिटांत आकाश पार करतं. साठेक अंशांचा झोत हाताने त्याच्यामागे फिरवणं सोपं जातं.

यागीवर भरपूर पैसे घालून खाली बारीक केबल जोडलेली दिसली की मला खरंच वाईट वाटतं. आरजी-५८ या बारीक केबलच्या १५ मीटरमध्ये या फ्रिक्वेन्सीला जवळपास निम्मी पॉवर जिरते. तेवढ्याच लांबीच्या, पण जाड आरजी-२१३ मध्ये साधारण पाव. बजेट तुटपुंजं असेल तर एलिमेंट कमी करा, केबल चांगलीच घ्या.

एफएमवर बोलणार असाल तर एलिमेंट उभे ठेवा, एसएसबीला (सिंगल साइडबँड, आवाज पाठवायची दुसरी पद्धत) आडवे. समोरच्याचे उभे आणि तुमचे आडवे असले तर २० डीबीपर्यंत फटका बसतो, म्हणजे यागीची सगळी कमाई गेली. उभ्या एलिमेंटच्या मधोमध लोखंडी पाइप येऊ देऊ नका. यागी रिफ्लेक्टरच्या (सर्वात मागच्या एलिमेंटच्या) मागून पकडा, नाहीतर वरचा तुकडा पीव्हीसीचा किंवा बांबूचा घ्या.

परदेशाशी संपर्कासाठी १४ मेगाहर्ट्झवर जायचं तर यागीचा एकेक एलिमेंट दहा मीटरच्या आसपास जातो. पावसाळी वाऱ्यात सोसायटीच्या गच्चीवर तो नकोच. तारेचा डायपोल दहा मीटर उंचीवर ईशान्य-नैऋत्य ताणा. त्याचा सिग्नल तारेच्या काटकोनात जातो: एका बाजूने वायव्येला युरोपकडे, दुसऱ्या बाजूने आग्नेयेला ऑस्ट्रेलियाकडे. मोर्सवर ५ वॅटमध्ये दोन्हीकडे संपर्क होतात.

एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप) १:१ आला म्हणून समाधान मानू नका, डमी लोडचाही (पॉवर नुसती उष्णतेत जिरवणाऱ्या चाचणीच्या भाराचाही) तेवढाच येतो. दूरचा कमकुवत सिग्नल लावून यागी हळूहळू पूर्ण फिरवा. यागीची पाठ त्याच्याकडे झाली की सिग्नल स्पष्टपणे कमी झाला पाहिजे. होत नसेल तर एलिमेंटच्या लांब्या पुन्हा मोजा, मगच कनेक्टरवर रबरी टेप घट्ट गुंडाळा. केबल खिडकीतून आत घेण्याआधी खाली एक झोल सोडा, म्हणजे पावसाचं पाणी बाहेरच टपकेल.