एनआयसीयूतल्या नळ्या: मऊ प्लास्टिक कुठे टाळायचं, कुठे नाही

एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) नव्याने रुजू झालेल्या सिस्टरांसाठी हे लिहितेय. इन्चार्ज म्हणून रोज इंडेंटवर (स्टोअरकडे सामान मागवायच्या चिठ्ठीवर) सही माझीच असते, त्यामुळे कोणती नळी कुठे चालते याचा हिशोब ठेवावाच लागतो.

पुष्कळ नळ्या पीव्हीसी या प्लास्टिकच्या असतात. पीव्हीसी मुळात कडक. ते मऊ व्हावं म्हणून त्यात डीईएचपी हे थॅलेट गटातलं रसायन घालतात, तेही थोडंथोडकं नाही. वजनाच्या 20 ते 40 टक्के. ते प्लास्टिकला रासायनिकरीत्या बांधलेलं नसतं, त्यामुळे नळीतून जाणाऱ्या द्रवात सुटत राहतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत कोवळ्या नरांच्या वृषणांवर परिणाम दिसला. म्हणून अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय साधनांवरच्या सरकारी नियामकाने) 2002 मध्ये नवजात मुलग्यांसाठी शक्य तिथे पर्याय वापरा असं सुचवलं. बोस्टनच्या दोन एनआयसीयूंमधल्या 54 बाळांचा अभ्यास 2005 मध्ये आला. ज्यांना अशी साधनं जास्त लागली, त्यांच्या लघवीत डीईएचपीपासून शरीरात तयार होणारा पदार्थ कमी लागलेल्यांच्या सुमारे पाचपट होता. बाळांचं पुढे काय होतं, हे अशा आकड्यावरून ठरत नाही. पण टाळता येतं ते का टाळू नये?

सगळ्या प्लास्टिकच्या मागे लागू नका. नळी हातात घेतली की विचारा: आतून स्निग्ध काही जातंय का? ते गरम होतंय का? किती वेळ आत राहतंय? डीईएचपी स्निग्धात विरघळतं. साध्या डेक्स्ट्रोजमध्ये (साखरेच्या सलाइनमध्ये) फार कमी उतरतं.

म्हणून सुरुवात लिपिडपासून, म्हणजे शिरेतून द्यायच्या स्निग्ध द्रवापासून. लिपिडची सिरिंज पॉलिप्रॉपिलिनची असते, तिची काळजी नाही. गडबड पुढच्या एक्स्टेन्शनमध्ये, म्हणजे सिरिंजपासून बाळापर्यंतच्या जोडनळीत. आपण सर्रास लावतो ती पीएम लाइन पीव्हीसीचीही मिळते आणि पॉलिइथिलिनचीही. लिपिडला पॉलिइथिलिनचीच लावा, जेवढी पुरेल तेवढ्याच लांबीची. टीपीएनमध्ये (शिरेतून द्यायच्या संपूर्ण पोषणात) लिपिड मिसळून येत असेल तर पिशवी ईव्हीएची (डीईएचपी न लागणाऱ्या प्लास्टिकची) आहे का, फार्मसीला विचारा. रात्रपाळीला सोपं जावं म्हणून लाइन दुपारीच भरून ठेवायची सवय काही जणींना असते. ती सोडा, लावायच्या वेळीच भरा. आणि लाइन वॉर्मरच्या (बाळाला ऊब देणाऱ्या यंत्राच्या) थेट उष्णतेखालून नेऊ नका.

दुसरी ओजी-एनजी ट्यूब, म्हणजे तोंडातून किंवा नाकातून पोटात जाणारी दुधाची नळी. पीव्हीसीची ट्यूब काही दिवसांनी काढून बघा: घालताना लुसलुशीत होती ती झाडूच्या काडीसारखी ताठ झालेली असते. तिचा मऊपणा दुधात आणि पोटात गेला. कडक टोकाने छोट्या बाळाच्या जठराला इजा होण्याची भीती असते ती वेगळीच. फीड बरेच दिवस ट्यूबनेच चालणार असेल तर पॉलियुरेथेन किंवा सिलिकॉनची मागवा. ती महाग वाटते, पण जास्त दिवस राहते आणि बाळाला पुन्हा पुन्हा नवी घालावी लागत नाही. पीव्हीसीचीच असेल तर पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत बदला, ‘अजून चालतेय’ म्हणून ठेवू नका. डॉक्टरांची हरकत नसेल तर पंपाने सतत देण्यापेक्षा वेळेवर ग्रॅव्हिटीने दिलेलं दूध बरं. लांब नळीत दुधातला फॅटही चिकटून वाया जातो.

रक्ताच्या बाबतीत आपला हात फार चालत नाही. पिशवीतलं डीईएचपी लाल पेशी टिकायला मदत करतं, हा विरोधाभास! दिवसागणिक ते रक्तात वाढत जातं. एक्सचेंजला (बाळाचं रक्त बदलताना) आपण ताजं रक्त मागतो ते पोटॅशियमसाठी, त्यात हाही फायदा आयता मिळतो. ईटी ट्यूब (श्वासनलिकेत घालायची नळी) कोणत्या प्लास्टिकची, याचा विचारही करू नका. बाळ श्वासासाठी झगडत असताना हाताशी असेल ती ट्यूब घाला.

आईने काढलेलं दूध स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात घ्या, गरम करायचं तर कोमट पाण्यात ठेवून. प्लास्टिकची वाटी उकळत बसू नका. बाळ गिळू लागलं की वाटी-चमच्याकडे वळा आणि कांगारूसाठी (बाळाला उघड्या छातीशी धरायला) आईला लवकर बोलवा. मुंबईत सायनच्या रुग्णालयात 1989 मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी दुग्धपेढी सुरू केली, ती प्लास्टिकसाठी नव्हे. पण आईचं दूध मिळालं की लिपिडची लाइन लवकर सुटते, हा हिशोब आपल्यालाही लागू आहे.

एखादा बाबा विचारतो, “सिस्टर, या नळ्यांनी बाळाला काही होणार तर नाही ना?” त्याला ‘काही नाही हो’ म्हणून उडवू नका आणि भाषणही देऊ नका. मी सांगते, “दादा, आत्ता ही नळी बाळाला जगवतेय. गरज संपली की त्याच दिवशी काढू.” आणि राउंडला खरंच विचारते, ही लाइन आज हवीच आहे का?

आता इंडेंट. पाकिटावर पीएचटी अक्षरांचं चिन्ह असलं तर आत थॅलेट आहे. त्यावर काट असली तर नाही. चिन्हच नसेल तर कंपनीच्या माणसाकडून लेखी घ्या. ‘नॉन-टॉक्सिक’, ‘लॅटेक्स-फ्री’ छापलंय यावर जाऊ नका, त्याचा डीईएचपीशी संबंध नाही. आणि इंडेंटमध्ये नुसतं ‘सिलिकॉन ट्यूब’ लिहिलं तर स्टोअरमधून वरून सिलिकॉनचा लेप दिलेली येऊ शकते. ‘100 टक्के सिलिकॉन, डीईएचपी-फ्री’ असं स्पष्ट लिहा आणि माल उतरवून घेताना एक पाकीट वाचून मगच सही करा.