सशाने खाणं सोडलंय? सिरिंजने कसं भरवायचं, आणि कधी अजिबात भरवायचं नाही

ससा उपाशी राहून बरा होत नाही. हे पहिल्याच ओळीत लिहितेय, कारण घरातलं कुणीतरी हमखास म्हणणार, "एक दिवस लंघन घडू दे, पोट हलकं होईल." माणसाचं होत असेल. सशाचं आतडं वरून सतत काहीतरी येत राहिलं तरच चालतं. गवत यायचं थांबलं की ते मंदावतं, गॅस धरतो, पोट दुखतं, आणि दुखतंय म्हणून तो आणखीच खात नाही. सशाला उलटीही होत नाही, म्हणजे आत अडकलेलं वरून बाहेर पडायची सोय नाही. असेच दोन-तीन दिवस गेले तर यकृतात चरबी साठते, आणि मग पोट सुरू झालं तरी ससा हातचा जाऊ शकतो.

म्हणून माझ्या घरातला नियम सोपा आहे. 10 ते 12 तासांत काहीही खाल्लं नाही, किंवा एकही लेंडी पडली नाही, तर ती इमर्जन्सी. रात्री गवत तसंच राहिलंय आणि सकाळी लेंड्यांचा ट्रे कोरडा ठणठणीत, तर ऑफिसला दांडी.

अकरा वर्षांत सहा ससे पाळले. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये, बाल्कनीच्या आतल्या बाजूला. खाणं सोडण्याचा प्रकार किती वेळा झाला ते मोजणं मी कधीच सोडून दिलं.

आधी तीन गोष्टी तपासा, पाच मिनिटांत.

पोट. दोन्ही हातांनी हलकेच दाबून बघा. मऊ, किंवा कणकेच्या गोळ्यासारखं लागलं तर ठीक. नगाऱ्यासारखं ताठ, फुगलेलं लागलं आणि काल रात्रीपर्यंत उड्या मारणारा ससा आज अचानक मलूल पडला असेल, तर आतडं बंद झालेलं असू शकतं. अशा पोटात एक थेंबही घालू नका, चोळूही नका, थेट डॉक्टरांकडे निघा.

कान. गार लागले तर थर्मामीटर काढा. सशाचं नेहमीचं तापमान 38.5 ते 40 अंश सेल्सिअस. गुदद्वारातून मोजायचं, टोकाला व्हॅसलीन लावून. जमत नसेल तर कानावरून अंदाज घ्या आणि झटापट करू नका. 38 च्या खाली गेलेल्या सशाला आधी ऊब द्या: गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून अंगाशी, आणि त्याला दूर सरकायला जागा ठेवून. गार पडलेल्या सशाला भरवलं तर ते पोटात नुसतं पडून राहतं. तोही लगेच डॉक्टरांकडे न्यायचा. एप्रिल-मेमध्ये याच्या उलट होतं. कान तापलेले, तोंड उघडं, धाप. मग कानांना साध्या पाण्याचा हात लावा. बर्फाचं पाणी नको.

दात. ससा कुरवाळल्यावर दात अगदी हलके घासतो, ते सुखाचं. कोपऱ्यात पाठ कमानीसारखी करून बसलाय आणि करकर असा मोठा आवाज येतोय, तर त्याला दुखतंय.

आता डॉक्टर. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत, सशांचे कळणारे थोडे. माझी एक परीक्षा आहे: फोनवर विचारा, "सशाला ऑपरेशनच्या आदल्या रात्री उपाशी ठेवायचं का?" उत्तर "हो" आलं तर दुसरा नंबर लावा. उलटीच होत नाही तर रात्रभराचा उपास कशासाठी? हे काम ससा ठणठणीत असताना करून ठेवायचं. एका क्लिनिकमध्ये मला "दोन दिवस वाट बघा" म्हणून परत पाठवलं होतं. मी वाट बघितली नाही, म्हणून तो ससा पुढे चार वर्षं जगला.

डॉक्टर वेदनाशामक देतील, आतड्याची हालचाल वाढवणारं काही देतील, कातडीखाली सलाइन देतील. ते त्यांचं काम. तुम्ही घरातल्या औषधांच्या डब्यातलं काहीही द्यायचं नाही. विशेषतः ॲमॉक्सिसिलिन. माणसांना सर्रास दिलं जाणारं हे अँटिबायोटिक सशाच्या तोंडात गेलं तर आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि पाठोपाठ ससा. अननसाचा रस, पपई हेही विसरा. "केसांचा गोळा विरघळतो" म्हणतात, तो विरघळत नाही. केस तसेही पोटात असतातच; आतडं थांबल्यामुळे त्यांचा गोळा होतो. साखर मात्र बिघडलेल्या पोटात आणखी गॅस करते.

आता खरं अवघड काम. पोट ताठ नाही, अंग गार नाही, डॉक्टरांनी भरवायला सांगितलंय. मग सिरिंज.

खायला काय द्यायचं? आजारी सशाला भरवायची क्रिटिकल केअर नावाची तयार पावडर मिळते, ती घरात असेल तर उत्तम. नसेल तर नेहमीच्या साध्या पेलेट्स (सशाच्या तयार खाद्याच्या बारीक कांड्या), त्यात रंगीत दाणे नकोत. त्या दुप्पट गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवा, वाटा, चहाच्या गाळणीतून दाबून गाळा. मिक्सरचं चटणीचं भांडं वापरू नका. कितीही घासलं तरी लसणाचा वास राहतो, आणि कांदा-लसूण सशाला विषारी. दूध, पेज, वरणाचं पाणी, ग्लुकोज बिस्किट कालवून वगैरे काही नाही. त्याला तंतूच हवेत. मिश्रण ताकापेक्षा दाट, इडलीच्या पिठापेक्षा पातळ, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला कोमट लागेल असं.

सिरिंज 1 मिलीची, सुई काढून टाकलेली. पुढचं बारीक नाक ब्लेडने सरळ कापून टाका, नाहीतर चोथा अडकतो, आपण जोर लावतो आणि सगळं एकदम सुटतं. कापलेली कड कानशीने घासा, जिभेवर फिरवून बघा. तुम्हाला टोचली तर त्यालाही टोचेल. 5 मिलीची सिरिंज का नको, ते माझ्याकडून ऐका.

बुंदी माझी दुसरी सशीण. रात्री अकरा वाजता मी तिला मांडीवर उताणी धरली, कारण कुणीतरी सांगितलं होतं की उताणा केला की ससा शांत होतो. मोठी सिरिंज तोंडात घातली आणि घाईने ढकलली. तिच्या नाकातून हिरवट फेस आला. मग श्वासाबरोबर घरघर. खाणं फुप्फुसात गेलं होतं. दहा दिवस इंजेक्शनं झाली, ती वाचली, पण ती घरघर मला अजून ऐकू येते. उताणा ससा शांत झालेला नसतो. तो भीतीने थिजलेला असतो. त्यात त्याने एक जोरदार लाथ झाडली तर त्याचंच पाठीचं हाड मोडू शकतं. उताणं धरून भरवा म्हणणाऱ्या माणसाचा दुसरा कुठलाही सल्ला मी घेत नाही.

तर नीट बसा. जमिनीवर वज्रासनात, गुडघे थोडे फाकवून. ससा गुडघ्यांच्या मध्ये, तोंड तुमच्या विरुद्ध दिशेला, ढुंगण तुमच्याकडे. त्याला मागे सरकायचं असतं, आणि मागे तुम्ही आहात. टॉवेलमध्ये गुंडाळा, पुढचे पायही आत, पण छातीवर आवळू नका. डावा तळवा हनुवटीखाली नुसता आधाराला. डोकं सरळ, नेहमी खाताना असतं तसं. वर उचललंत तर बुंदीचीच गोष्ट होईल.

सशाच्या पटाशीच्या दातांच्या मागे आणि दाढांच्या पुढे मोकळी जागा असते. ओठाच्या कोपऱ्यातून, बाजूने, सिरिंजचं टोक तिथे सरकवा, साधारण एक सेंटिमीटर. टोकाचा रोख पलीकडच्या गालाकडे, घशाकडे कधीच नाही. अर्धा मिली द्या आणि थांबा.

थांबणं हीच सगळी कला आहे. आता त्याने चावलं पाहिजे. जबडा आडवा हलतो, बारीक चुरचुर ऐकू येते, मग गिळल्याचं हाताला जाणवतं. मग उरलेला अर्धा. चावत नसेल, मिश्रण ओठांतून ओघळत असेल, तर पुढचा थेंबही देऊ नका. सिरिंज काढा, गाल बाहेरून बोटाने हलकेच चोळा. तरीही जबडा हलला नाही तर भरवणं बंद करून डॉक्टरांना फोन. शिंक आली, नाक ओलं झालं, तर डोकं खाली झुकू द्या आणि पाच मिनिटं सुट्टी. साधं पाणी देताना याच्याही दुप्पट सावकाश; पातळ पदार्थ श्वासनळीत जास्त पटकन जातो.

मी दहा सिरिंजा आधीच भरून स्टीलच्या ताटलीत ओळीने मांडते. भरायला उठलात की ससा गेलाच सोफ्याखाली. दट्ट्या अडकत असेल तर आतून खोबरेल तेलाचं एक बोट.

किती? पहिल्या वेळी 5 ते 10 मिली, बस. पचतंय असं वाटलं की किलोला 10 ते 15 मिली, दिवसातून चार-पाच वेळा. म्हणजे दोन किलोच्या सशाला दिवसाला साधारण 100 मिली. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐका. एका खेपेला मला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. दहा मिनिटांत संपवणारे लोक भेटले आहेत; त्यांची मला भीती वाटते.

शेवटी हनुवटी ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा. वाळलेलं मिश्रण कातडी सोलतं, आणि पावसाळ्यात त्यावर माश्या बसतात.

बाकीचं सोपं. मध्ये मध्ये हॉलमध्ये मोकळा सोडा, चालण्याने आतडं हलतं. समोर ताजी हरळी, कोथिंबिरीची जुडी, पुदिना ठेवून द्या. माझ्या तिसऱ्या सशाने, तात्याने, दोन दिवस सिरिंजच्या नावाने बोंब मारून शेवटी कोथिंबिरीचा एक देठ ओढला, तेव्हा मी स्वयंपाकघरात अक्षरशः ओरडले होते. जोडीदार ससा असेल तर त्याला वेगळं करू नका, फक्त लेंड्या कुणाच्या हे कळायला हवं.

पहिल्या लेंड्या आल्या की लोक सिरिंज धुऊन ठेवतात. चूक. त्या मिऱ्यांएवढ्या, वाकड्यातिकड्या, कधी केसाच्या धाग्यात माळेसारख्या ओवलेल्या असतात. आतडं हललंय एवढाच त्याचा अर्थ. ससा स्वतःहून गवत खायला लागेपर्यंत भरवणं चालू. मग खेपा एकेक करून कमी. द्राक्षाच्या घडासारखा मऊ, चकाकता पुंजका दिसला तर पुसू नका. तो सशाने परत खायचा असतो, त्यात त्याची जीवनसत्त्वं असतात.

बरं वाटल्यावर "असं का झालं" हा प्रश्न सोडू नका. सशाचे दात आयुष्यभर वाढतात. दाढेला धार आली की ती जीभ कापते, आणि ससा बिचारा गवताजवळ जातो, हुंगतो, मागे फिरतो. पुढून ओठ उचलून दाढा दिसत नाहीत, डॉक्टरांना खास उपकरणाने बघायला सांगा. मूत्राशयातला खडा, उन्हाळा, घरातली लग्नघाई, दिवाळीचे फटाके, हेही असतं. आणि सगळ्यात जास्त वेळा, ताटलीत पोळी, बिस्किटं, गाजर जास्त आणि गवत कमी. खाण्याचा मोठा वाटा वाळलेलं गवतच हवा. लसूणघास (अल्फाल्फाचा चारा, लसणाशी संबंध नाही) रोज नको, पूर्ण वाढलेल्या सशाला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं.

पुढचा आठवडाभर ट्रेमध्ये वर्तमानपत्र घाला, म्हणजे लेंड्या मोजता येतात, आणि रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. आकडे कॅलेंडरवरच लिहा, दुधाच्या हिशेबाखाली. वजन दोन दिवस सलग उतरलं तर तिसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरांकडे जा, आणि ते कॅलेंडरचं पान फाडून सोबत न्या.