बोंडू, बिमली आणि हजाराच्या आतली वाईन

वाईनच्या क्लासात पहिल्या दिवशी प्रत्येकासमोर ग्लासांची रांग, पाण्याची बाटली आणि एक थुंकायचा कप ठेवला होता, आणि मी बराच वेळ त्या कपाकडेच बघत बसले. चार माणसांत थुंकू नये हे आईने लहानपणापासून डोक्यात भरवलेलं, आणि इथे सर स्वतः सगळ्यांसमोर पिचकारी मारून दाखवतायत. पहिले तीन घोट लाजेने गिळले, चौथ्याला डोकं जड झालं आणि पाचव्या वाईनबद्दल वहीत काय खरडलंय ते मला आजही वाचता येत नाही. तर नवीन येणाऱ्यांनी सगळ्यात आधी थुंकायला शिकावं. घरी बेसिनसमोर साध्या पाण्याने प्रॅक्टिस करा, हसू नका, मी केलीय. पणजीत चाखून रात्री स्कूटरने डिचोलीला परत यायचं म्हणजे कायद्याचा हिशोब १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमचा, आणि गिळत बसलात तर तो कधी ओलांडला ते कळत पण नाही.

मी डिचोलीची. हॉटेल मॅनेजमेंट करून कांदोळीच्या एका हॉटेलात रेस्टॉरंटला लागले. लोकांना वाटतं गोव्यातली म्हणजे हिला वाईनमधलं सगळं कळत असणार. अहो कसलं काय, आमच्या घरात वाईन म्हणजे नाताळला शेजारच्या आंटीकडून कुसवाराबरोबर, म्हणजे नाताळच्या फराळाबरोबर, येणारी गोड पोर्ट, तीसुद्धा बाबा चमचाभर घ्यायचे आणि आई त्यांच्याकडे बघायची. नोकरीला लागून तिसऱ्याच आठवड्यात पोर्तुगालचं एक म्हातारं जोडपं आलं, त्यांनी पोर्ट मागितली, मी आपली गोव्याची पोर्ट मोठ्या अभिमानाने ओतली. आजोबांनी घोट घेतला, हसले, आणि अगदी प्रेमाने मला पेपर नॅपकिनवर दोरू नदी काढून दाखवली. त्या दिवशी कळलं की खरी पोर्ट दोरूच्या खोऱ्यातली, आंबवण अर्ध्यात असताना द्राक्षाचं कडक स्पिरिट घालून थांबवतात म्हणून साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल १९ ते २२ टक्क्यांवर जातं, आणि त्या खोऱ्याची हद्द १७५६ सालीच आखून ठेवलीय. साडेचारशे वर्षं ज्यांचं राज्य होतं त्यांच्या वाईनबद्दल आम्हाला एवढंसं ठाऊक नाही याची लाज वाटली आणि तिथून हे वेड लागलं.

आता पैशाचं बोलू, कारण सगळे तिथेच अडतात. युरोपात रोजच्या जेवणाला उघडतात ती साधी बाटली आपल्याकडे येईपर्यंत ऐटबाज होऊन बसते, कारण बाहेरच्या वाईनवर वर्षानुवर्षं १५० टक्के कस्टम ड्यूटी होती. ऑस्ट्रेलियाबरोबरचा करार २०२२ च्या डिसेंबरमध्ये लागू झाला आणि त्यात ती कमी झाली, पण गंमत बघा, ५ डॉलर किंवा त्याहून जास्त आयात किंमत असलेल्या बाटल्यांवरच. म्हणजे आपल्यासारख्यांना परवडणारी सगळ्यात स्वस्त बाटली जिथल्या तिथे. गोव्यात टॅक्स त्यातल्या त्यात कमी म्हणून निदान दुकानात शिरायची हिंमत होते. मी आजही हजार-बाराशेच्या वर सहसा जात नाही, आणि शिकायला तेवढं पुरतं.

एकट्याने बाटली घेऊ नका. आम्ही हॉटेलातलेच पाचजण, चारशे-चारशे काढून दर महिन्याला दोन बाटल्या घेतो. चाखायला ५० मिली पुरे, ७५० च्या बाटलीतून पंधरा ग्लास निघतात, म्हणजे पाचजणांना पोटभर शिकून वर उरते. आणि दोन बाटल्या म्हणजे नेहमी जोडी, हे महत्त्वाचं. एकटी वाईन चाखली की तोंडातून फक्त 'छान आहे' एवढंच निघतं, शेजारी दुसरी ठेवली की लगेच भांडण सुरू होतं आणि भांडणातच शिकायला मिळतं. आमची पहिली जोडी नाशिकची चेनिन ब्लां आणि साउथ आफ्रिकेची चेनिन ब्लां. द्राक्ष एकच, मूळ फ्रान्समधल्या ल्वार नदीकाठचं, पण जगात सगळ्यात जास्त लागवड आता साउथ आफ्रिकेत. आमची नाशिकवाली जराशी गोडसर निघाली, तिकडची कोरडी आणि आंबट, आणि पाचातल्या तिघांना नाशिकवाली आवडली. मग मलबेक आणि शिराझ या दोन रेड लावल्या, मग बुडबुड्यांच्या दोन, स्पेनची कावा आणि इटलीची प्रोसेको. या जोडीत तर मजाच आली, कारण कावामध्ये दुसरी आंबवण बाटलीतच होते आणि वाईन निदान नऊ महिने त्या मेलेल्या यीस्टवर पडून असते, तर प्रोसेकोचे बुडबुडे मोठ्या टाकीत तयार होतात. पुस्तकात कावाला ब्रेडचा वास लिहिलेला. आमच्यातला एकजण ग्लास नाकाला लावून म्हणाला, हा तर पहाटे पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीजवळून जाताना येतो तो वास. बस, ते जन्मात विसरणार नाही.

इथेच मला सगळ्यात जास्त सांगायचंय. पुस्तकातले वास आपण कधी घेतलेलेच नसतात. गूजबेरी, ब्लॅककरंट, एल्डरफ्लॉवर, मी सगळे पाठ केले आणि ग्लासात मला काहीच सापडेना. गूजबेरी म्हणजे आवळा असं समजून मी सोव्हिन्यो ब्लां या व्हाईट वाईनमध्ये दोन महिने आवळा शोधत होते, आणि ती वेगळीच बेरी निघाली! शेवटी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली, डावीकडे माझे शब्द आणि उजवीकडे परीक्षेचे. डावीकडे कच्चा पेरू आणि कापलेलं गवत, उजवीकडे गूजबेरी, ग्रास. डावीकडे जांभूळ, करवंद, उजवीकडे ब्लॅककरंट, ब्लॅकबेरी. चिलीच्या कार्मेनेअरला डावीकडे चक्क ढबू मिरची लिहिलं आणि उजवीकडे पण तेच आलं. हे द्राक्ष तिकडे इतकी वर्षं मर्लो म्हणूनच खपत होतं, १९९४ मध्ये फ्रान्सच्या बूर्सिको नावाच्या तज्ज्ञाने वेल बघून ओळखलं, तेव्हा आपण ओळखलं नाही तर एवढं मनाला लावून घेऊ नका.

जिभेवरच्या गोष्टींना तर आपल्याकडे पुस्तकापेक्षा भारी मापं आहेत. टॅनिन म्हणजे काय हे इंग्रजीत चार ओळी वाचून कळत नाही, पण काजूचा बोंडू खाल्ल्यावर जीभ आणि घसा कसा आवळून येतो ते गोव्यातल्या पोराला सांगावं लागत नाही. अ‍ॅसिड म्हणजे बिमली, आपलं ते आंबटढाण फळ, नुसत्या आठवणीने पाणी सुटतं ना, तसंच घोट थुंकल्यावर तोंडाला किती पाणी सुटतं ते बघायचं. बॉडी म्हणजे वाईन तोंडात किती दाट लागते ते, त्यासाठी माझं माप नारळाचं दूध, पहिलं दूध म्हणजे फुल बॉडी, दुसरं मीडियम, तिसरं लाईट. अल्कोहोल घशाशी गरम लागतं, फेणीवाल्यांना समजावायची गरज नाही. आणि सगळ्यांची होणारी चूक म्हणजे फळांचा वास आला की वाईनला गोड म्हणणं. नाक चिमटीत धरून घोट घ्या, जिभेवर साखर लागते का बघा. नाही लागली तर ती ड्रायच, वास आंब्याचा का असेना.

रिव्ह्यू लिहायला मी जरा घाईच केली, आणि त्यात तोंडावर पडले. एका दुकानात स्पेनची रेड निम्म्या किमतीत मिळाली, घरी येऊन चाखली तर शिजवलेल्या जामसारखी, फळ मेलेलं, आणि मी दहा ओळींत त्या वाईनची सालटी काढली. सहा महिन्यांनी तीच वाईन, तेच साल, दुसरीकडे प्यायले, आणि इतकी टवटवीत की मला घाम फुटला. मग आठवलं की त्या पहिल्या बाटलीचं बूच मानेतून वर आलेलं होतं आणि ती दुकानाच्या काचेत उन्हात उभी होती. उष्णतेने वाईन फुगते आणि बूच ढकलते. दोष उन्हाचा, शिव्या मी वाईनला दिल्या. तेव्हापासून विकत घेतानाच वरच्या आवरणावरून बोट फिरवून बघते, चिकट लागलं किंवा बूच उंच वाटलं की ठेवून देते, आणि काचेत उभी असलेली बाटली कितीही स्वस्त असली तरी घेत नाही. ओल्या पुठ्ठ्याचा, पावसात भिजलेल्या पेपराच्या रद्दीचा वास आला तर तो बुचातला दोष, पण हे गोव्यात जुलैमध्ये ओळखणं कठीण, कारण तेव्हा आपल्या कपाटातूनही तोच वास येत असतो.

अजून एक, रेड रूम टेम्परेचरला प्या हे वाक्य थंड देशातलं आहे. तिथे अपेक्षा १६-१८ डिग्रीची, आपल्याकडे मे महिन्यात खोली ३३ ला. रेडची बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, मग चाखा, मग बोला. स्वस्त रेडला कडक, जळजळीत म्हणणाऱ्या अर्ध्या लोकांनी ती गरम प्यालेली असते असं माझं मत.

परीक्षेचं थोडक्यात सांगते. मी केली ती डब्ल्यूएसईटीची, म्हणजे वाईन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्टची, वाईन शिकवणारी लंडनची संस्था, १९६९ पासूनची. लेव्हल १ ला ३० प्रश्न आणि पासिंग ७० टक्के, लेव्हल २ ला तासाभरात ५० प्रश्न आणि पासिंग ५५ टक्के, दोन्हीत पर्यायी प्रश्नच, चाखायची परीक्षा नाही. हॉटेलात काम करत असाल तर लेव्हल १ गाळून सरळ २ ला बसलात तरी चालतं, माझ्या मते पैसे वाचवा. मी थिवीहून रात्रीची कोकणकन्या पकडून मुंबईला जायचे, ट्रेनमध्ये नकाशे पाठ करायचे, समोरच्या काकू विचारायच्या भूगोलाची परीक्षा का गं, आणि मी हो म्हणायचे. नकाशे खरंच पाठ करा, मार्क तिथेच जातात. भारताची पहिली मास्टर ऑफ वाईन, म्हणजे या क्षेत्रातली सगळ्यात मानाची पदवी मिळवणारी, सोनल हॉलंड, २०१६ मध्ये झाल्या, हे मी घरी आईला सांगितलं तेव्हा कुठे हा अभ्यास आहे हे तिने मान्य केलं. तोवर ती शेजाऱ्यांना मी केकचा कोर्स करतेय म्हणून सांगत होती.

कोर्समधून मला मिळालेली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे 'अ‍ॅक्सेप्टेबल' हा शब्द. वाईनच्या दर्जाची तिथे शिडी असते, पुअर, अ‍ॅक्सेप्टेबल, गुड, व्हेरी गुड, आउटस्टँडिंग, आणि बघायचं ते बॅलन्स, चव तोंडात किती सेकंद टिकते, वास-चव किती जोरदार, आणि त्यात पदर किती. आपल्या किमतीतल्या बहुतेक बाटल्या अ‍ॅक्सेप्टेबल किंवा गुड असतात. नवीन रिव्ह्यू लिहिणाऱ्याला हे लिहायला जड जातं, एकतर कमाल नाहीतर बंडल. पण महागड्या वाईनला वाहवा करायला काय लागतं हो? साडेसातशेची साधी वाईन नेमकी कुठे साधी आहे, चव पाच सेकंदात संपते पण आंबटपणा स्वच्छ आहे आणि तळलेल्या मोडशा माशांबरोबर मस्त जाईल, हे लिहिता येणं म्हणजे काम. दर्जा आणि किंमत वेगवेगळ्या ओळींत लिहा, नोट पूर्ण झाल्याशिवाय लेबल बघू नका, बाटल्या पेपरात गुंडाळून नंबर टाका. साल, किंमत, कुठे घेतली, किती थंड होती, हे लिहिलं नाही तर वाचणाऱ्याला उपयोग शून्य. आणि बाटली फुकट मिळाली असेल तर पहिल्याच ओळीत सांगा.

जेवणाबरोबर चाखल्याशिवाय इथल्या वाचकासाठी लिहू नये असं मला वाटतं. मिरचीने अल्कोहोलची जळजळ आणि टॅनिनचा कडवटपणा दोन्ही वाढतात. रेशाद, म्हणजे लाल तिखट मसाला भरलेल्या, बांगड्याबरोबर साडेचौदा टक्क्यांची शिराझ घेतली होती आम्ही, पाचही जण पाणी शोधत होतो. त्याच बांगड्याबरोबर ती गोडसर चेनिन झकास. हुमणाबरोबर, म्हणजे माशाच्या आमटीबरोबर, पोर्तुगालची विन्यो व्हेर्द, हलकी, आंबट, किंचित चुरचुरणारी, अल्कोहोल कमी. सोलकढीबरोबर कुठलीच वाईन नको, सोलकढीच प्या.

रिव्ह्यू लिहून पोट भरतं का? नाही. मला आजवर त्यातून जेमतेम बाटल्यांचा खर्च सुटलाय. पण त्या वहीमुळे हॉटेलने वाईनची यादी माझ्याकडे दिली, आयात करणाऱ्यांशी, दुकानदारांशी ओळखी झाल्या, त्यातल्या दोघांनी नोकरीचं विचारलं पण. पोरींसाठी एक सांगते, घरचे विरोध करतील, त्यांना सोबत बसवा, लपवू नका.

मी आता लेव्हल ३ च्या तयारीत आहे. तिथे मात्र अर्ध्या तासात दोन वाईन न सांगता समोर ठेवतात आणि सगळं लिहायचं असतं. दर रविवारी आई मला स्वयंपाकघरात दोन ग्लास भरून आणून देते, मी बाहेर बसून नोट लिहिते. गेल्या रविवारी दोन रेड होत्या, पहिलीला मी गुड दिलं, दुसरी जरा पातळ वाटली, चव लवकर गेली, तिला अ‍ॅक्सेप्टेबल. सव्वा पान लिहिलं. आत जाऊन बघते तर ओट्यावर एकच बाटली उघडलेली. दुसरीचं बूच निघेना, आई म्हणाली, म्हणून दोन्हीत हीच ओतली.