शांतक्लेर कोंबडीचं बेणं कसं राखावं

शांतक्लेर ही कॅनडाची कोंबडी. मॉन्ट्रियलजवळच्या ओका गावातल्या ट्रॅपिस्ट या ख्रिस्ती संन्याशांच्या मठात ब्रदर विल्फ्रिड शातलें यांनी १९०८ मध्ये तिच्यावर काम सुरू केलं. तेव्हा तिकडे पाळल्या जाणाऱ्या बऱ्याच जातींना मोठा, उभा तुरा असायचा आणि क्वेबेकच्या हिवाळ्यात नेमका तोच गोठून काळा पडायचा. ब्रदर विल्फ्रिड यांनी डार्क कॉर्निश, व्हाइट लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड, व्हाइट वायनडॉट आणि शेवटी व्हाइट प्लिमथ रॉक अशा पाच जातींचं रक्त एकत्र आणलं. डोक्याला चिकटून बसलेला उशीसारखा छोटा तुरा, चोचीखाली लोंबणारी कातडी जवळजवळ नाहीच, पिसारा दाट आणि भर हिवाळ्यात अंडी, अशी कोंबडी १९१८ मध्ये लोकांसमोर आली. १९२१ मध्ये अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने तिला मान्यता दिली.

अल्बर्टा, ओंटारियोत थोडी जमीन असलेल्या मराठी कुटुंबांना ही जात पाळणं जमण्यासारखं आहे. मात्र कोंबड्या पाळणं हे एक काम आणि जात राखणं हे दुसरं. हा लेख दुसऱ्या कामाबद्दल आहे.

आधी बेणं मिळवा

नगरपालिकेचा नियम आणि विनाकोटा (कोटा म्हणजे व्यावसायिक उत्पादनाचा परवाना) किती कोंबड्या ठेवता येतात याची प्रांताची मर्यादा आधी विचारून घ्या. मग पक्षी घ्या, तेही किमान दोन वेगवेगळ्या पाळणाऱ्यांकडून. एकाच घरची पिल्लं म्हणजे सगळी भावंडं. ब्रदर विल्फ्रिड यांच्या पांढऱ्या शांतक्लेरमध्ये तितिरी रंगाची मिसळू नका. तितिरी एडमंटनच्या डॉ. विल्किन्सन यांनी वेगळ्या संकरातून घडवली आणि तिला १९३५ मध्ये मान्यता मिळाली. नाव एक असलं तरी दोघींची घराणी वेगळी आहेत.

निवडताना तुरा बघा, वजन बघा. पूर्ण वाढलेला कोंबडा ३.९ किलोच्या आसपास भरतो, कोंबडी २.९ किलोच्या. एखाद्या पिल्लाला करवतीसारखा उभा तुरा आला, तर त्याच्या आई आणि बाप दोघांमध्येही तो गुण दडलेला आहे असं समजा आणि ती जोडी पुन्हा लावू नका.

खुराडं कोरडं हवं, ऊबदार नव्हे

नवखे लोक इथेच चुकतात. उणे वीस तापमान दिसलं की खुराडं चारही बाजूंनी बंद करतात. पण नुसत्या कोरड्या थंडीपेक्षा ओल जास्त घातक असते. श्वासातली वाफ, विष्ठेतली ओल आणि अमोनिया आत कोंडला की तुरा आणि पायाची बोटं गोठतात. जानेवारीत सकाळी दार उघडल्यावर खिडकीच्या काचेला आतून हिमाची नक्षी दिसली किंवा डोळे चुरचुरले, तर हवा खेळत नाही हे नक्की. छताजवळ, बसलेल्या कोंबड्यांच्या डोक्यावरून हवा बाहेर जाईल अशी फट ठेवा. ती कडाक्याच्या रात्रीही बुजवू नका. झोत मात्र अंगावर येता कामा नये.

प्रत्येक पक्ष्याला आत किमान ४ चौरस फूट जागा द्या. खाली लाकडाच्या कोरड्या भुशाची जाड गादी करा. बसायची दांडी गोल नको. चार इंच रुंद सपाट फळी लावा, म्हणजे कोंबडी बसल्यावर बोटं पिसांखाली झाकली जातात. संध्याकाळी मूठभर मका टाका. पाणी गोठू देऊ नका. उष्णतेचा दिवा लावू नये असं माझं ठाम मत आहे. त्याने आगी लागतात, शिवाय थंडी न सोसणारे पक्षी कोणते हे कधीच कळत नाही. या जातीची खरी परीक्षा हिवाळाच घेतो.

कोंबडे जास्त ठेवा

जात राखण्यात सगळ्यात मोलाची गोष्ट ही आहे. पैदाशीच्या शास्त्रात एक साधं सूत्र वापरतात: कोंबडे गुणिले कोंबड्या गुणिले चार, भागिले दोघांची बेरीज. २४ कोंबड्या आणि एकच कोंबडा असेल तर उत्तर चाराच्याही आत येतं. म्हणजे अंगणात पंचवीस पक्षी दिसले तरी रक्ताच्या हिशेबाने कळप जेमतेम चारांचा. त्याच २४ कोंबड्यांना तीन कोंबडे दिले की उत्तर साडेदहाच्या वर जातं, सहा दिले की एकोणीसच्या. एकच उमदा कोंबडा ठेवून बाकीचे कापायचा मोह होतो. काही पिढ्यांतच अंडी फोल जाऊ लागतात, पिल्लं अशक्त निघतात.

यावरचा सोपा उपाय म्हणजे तीन कुटुंबं करणं. त्यांना अ, ब, क म्हणा. प्रत्येक कप्प्यात एक कोंबडा आणि आठ कोंबड्या. आपल्याकडे गोत्र बापाकडून येतं, इथे ते आईकडून येतं असं धरा. ‘अ’ कप्प्यातल्या अंड्यांतून निघालेली सगळी पिल्लं ‘अ’. तलंगा, म्हणजे तरण्या माद्या, आईच्याच कप्प्यात राहतात. त्या पिल्लांतले नर मात्र दरवर्षी पुढे सरकतात: अ चा ब कडे, ब चा क कडे, क चा अ कडे. कोंबडा दरवर्षी बदलला की बाप-लेकीची गाठ पडत नाही. प्रत्येक कुटुंबाचा एक राखीव नर वेगळा ठेवा. कोंबडा बदलल्यावर मात्र लगेच अंडी बसवू नका. कोंबडीच्या पोटात आधीच्या नराचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं, म्हणून निदान चार आठवडे थांबा.

अंडी आणि पिल्लं

उबवणी मार्च-एप्रिलमध्ये उरका, म्हणजे तलंगा हिवाळ्याआधी अंड्यावर येतात. थंडीत अंडी गोठून तडकतात, म्हणून दिवसातून तीन-चारदा गोळा करा आणि प्रत्येकावर शिसपेन्सिलने कुटुंबाचं अक्षर लिहा. १३ ते १६ अंश सेल्सिअसला, टोक खाली करून, सात दिवसांपर्यंत ठेवता येतात.

पंखा असलेल्या उबवणी यंत्रात ३७.५ अंश तापमान, पहिले अठरा दिवस ४५ ते ५० टक्के आर्द्रता आणि रोज किमान तीनदा फिरवणं. अठराव्या दिवशी फिरवणं थांबवा, आर्द्रता ६५ ते ७० वर न्या. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर येतात. पहिल्या आठवड्यात ३५ अंशांची ऊब, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी. पिल्लं निघाल्याबरोबर बोटांमधल्या पडद्याला खूणछिद्र पाडा. चार पडद्यांत मिळून सोळा वेगवेगळ्या खुणा होतात. कुटुंब आणि वर्ष दोन्ही त्यात बसतं.

कोणाला ठेवायचं

आठव्या आणि सोळाव्या आठवड्यात वजन करा. मग हिवाळा जाऊ द्या. जानेवारी-फेब्रुवारीत कोण अंडी देतं, कोणाचा तुरा शाबूत राहिला, याची वही ठेवा. कोंबडी हातात घेऊन शेपटीखाली, गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंची टोकदार हाडं चाचपा. चांगली अंडी देणारीच्या हाडांत दोन-तीन बोटं मावतात आणि पोट मऊ लागतं. दोन हिवाळे काढलेल्या कोंबडीची अंडी बसवणं उत्तम. गोठलेल्या तुऱ्याच्या कोंबड्याची फलनक्षमता काही काळ उतरते, तेव्हा त्या हंगामात राखीव नर वापरा.

बेणं वाटा

१९७९ मध्ये सस्कॅचवान विद्यापीठातला शेवटचा कोंबडा मेला आणि ही जात नामशेष झाली असं मानलं गेलं. नंतर लहान लहान शेतांवर ती सापडली, तिच्या जतनाचं काम सुरू झालं आणि १९९९ मध्ये क्वेबेकने कायद्याने तिला प्रांताचा कृषी-वारसा ठरवलं. सगळे पक्षी एकाच खुराड्यात असतील तर एक रोग किंवा एक आग पुरेशी असते. म्हणून दरवर्षी दोन-तीन विश्वासू पाळणाऱ्यांना बेणं द्या. जिवंत पक्ष्यांपेक्षा उबवणीची अंडी दिलेली बरी. काही रोग अंड्यातूनही जातात, त्यामुळे कळपाची तपासणी आधी करून घ्या. अंडी देताना तिन्ही कुटुंबांची द्या, आणि वहीची नक्कलही सोबत द्या.